तपासी अंमलदाराला ब्लॉक कसे करणार?

पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला गेलेल्या माणसाकडून नाव आणि पत्त्याबरोबर मोबाइल नंबर घेतला जातो. एनसी असो, एफआयआर असो, हरवलेल्या फोनचा दाखला असो, भाडेकरूची नोंद असो की पासपोर्टची पडताळणी, नंबर दिल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. देणाऱ्याला त्यात निवड नसते आणि तशी ती असावी अशी अपेक्षाही कोणी करत नाही. अडचण पुढे सुरू होते. पहिला मेसेज कामाचा असतो : ‘मॅडम, उद्या ११ वाजता जबाबाला या.’ दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ येते. मग एखाद्या रात्री साडेदहाला ‘जेवण झालं का?’ मग डीपीचे कौतुक, मग ‘एकट्याच राहता का?’ आणि या सगळ्याच्या मध्ये, अगदी वेळ साधून, ‘तुमच्या केसचं मी स्वतः बघतोय, टेन्शन घेऊ नका.’ यातला कुठलाही एक मेसेज सुटा काढून वरिष्ठांपुढे ठेवला तर ते हसतील. त्यात शिवी नाही, धमकी नाही, अश्लील शब्दही नाही. पण ज्या बाईला हे मेसेज येतात तिला ते क्रमाने वाचावे लागतात, आणि शेवटचा मेसेज वाचल्यावर आधीच्या सगळ्यांचा अर्थ बदलतो.

घरचे, मैत्रिणी, शेजारच्या काकू सगळे एकच सल्ला देतात : ब्लॉक करून टाक. ऑफिसातला सहकारी, जुना मित्र किंवा अनोळखी टवाळखोर असता तर सल्ला बिनचूक होता. इथे तो लागू पडत नाही, कारण समोरचा माणूस तिच्या प्रकरणाचा तपासी अंमलदार आहे. नवऱ्याच्या मारहाणीचा पंचनामा त्याने करायचा आहे, साक्षीदारांचे जबाब त्याने घ्यायचे आहेत, आरोपपत्र वेळेत जाणार की रखडणार हेही बरेचसे त्याच्यावर आहे. त्याला ब्लॉक करणे म्हणजे स्वतःच्या तक्रारीचा धागा आपल्याच हाताने तोडणे. तेव्हा ती ब्लॉक करत नाही. ‘हो साहेब’, ‘थँक्यू साहेब’ असे तुटक उत्तर देते, एखादा हात जोडलेला इमोजी टाकते आणि प्रकरण निभावून नेते. उद्या तक्रारीची वेळ आली तर तिची हीच उत्तरे तिच्या विरोधात वाचली जातात. बोलत तर होतीस, मग त्रास कसला?

माझे म्हणणे या एका प्रश्नाविरुद्ध आहे. प्रकरण ज्या अधिकाऱ्याच्या हाताखाली चालू आहे, त्याने त्या काळात तक्रारदाराशी, साक्षीदाराशी किंवा आरोपीच्या घरच्यांशी कामाबाहेरचा संपर्क साधणे हेच गैरवर्तन मानले पाहिजे. समोरच्या व्यक्तीने नकार दिला होता का, कधी दिला, किती स्पष्ट दिला, याची चौकशीच करू नये. नंबर सरकारी कामासाठी घेतलेला आहे आणि तो खासगी कामासाठी वापरला गेला, इथेच गैरवर्तन पूर्ण होते.

आजचा फौजदारी कायदा याच्या नेमका उलट बाजूने सुरू होतो. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर वर्मा समितीचा अहवाल आला आणि २०१३ च्या दुरुस्तीने पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा झाला. तोच आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. जवळीक साधण्यासाठी एखाद्या पुरुषाने स्त्रीशी वारंवार संपर्क साधला, किंवा साधायचा प्रयत्न केला, तर तो गुन्हा होतो; मात्र तिने आपली अनिच्छा स्पष्टपणे दाखवल्यानंतरही त्याने तसे केलेले असले पाहिजे. रस्त्यावरच्या किंवा कॉलेजातल्या माणसाबाबत ही अट समजण्यासारखी आहे, कारण तिथे दोन बरोबरीची माणसे आहेत आणि नाही म्हणायची किंमत फारशी नाही. पोलीस अधिकाऱ्याबाबत हीच अट म्हणजे त्याच्यासाठी उघडी ठेवलेली पळवाट होते. ज्या व्यक्तीला स्पष्ट नकार देता येत नाही, तिच्याकडूनच कायदा स्पष्ट नकार मागतो. शिवाय याच कलमात अपवाद आहेत आणि त्यातला पहिलाच अपवाद गुन्हे रोखण्याची वा उघड करण्याची जबाबदारी राज्याने ज्याच्यावर सोपवली आहे त्याच्यासाठी आहे. कृत्य त्याच हेतूने केले हे सिद्ध करायचे ओझे त्याच्यावर आहे हे खरे. पण ‘केसच्या कामासाठीच फोन केला होता’ हे वाक्य उच्चारायला कितीसे कष्ट पडतात? कामाचा मेसेज आणि बिनकामाचा मेसेज एकाच खासगी नंबरवरून, एकाच चॅटमध्ये, एकाखाली एक असतील तर दोन्ही वेगळे करून दाखवायचे काम शेवटी तिच्याच गळ्यात पडते.

नकार दिसला नाही म्हणजे संमती होती, हा तर्क आपल्याकडे जुना आहे आणि त्याची सगळ्यात महागडी किंमत महाराष्ट्रातच मोजली गेली आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीला आणण्यात आले. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातले हे गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. कारण गुन्हेगारीचे नव्हते. तिच्या भावाने तक्रार दिली होती आणि सगळ्यांचे जबाब घ्यायचे होते. जबाब झाले, बाकीचे बाहेर पडले, तिला मागे थांबवून घेण्यात आले. पुढे जे घडले त्याबद्दल दोन पोलिसांवर खटला चालला. सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ साली दोषी धरले, आणि मुकाट्याने सोसणे म्हणजे संमती नव्हे असे म्हटले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नव्हत्या, आरडाओरडा झाला नव्हता, यावर भर दिला. त्यावर पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभरच्या स्त्री-चळवळीने ते उचलून धरले आणि अखेर १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतील बलात्काराला वेगळे, अधिक कडक स्थान मिळाले. अशा प्रकरणात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ती नव्हती असेच गृहीत धरायचे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली.

ही तरतूद बारकाईने पाहण्यासारखी आहे. सगळे पोलीस वाईट असतात असे कायदेमंडळ म्हणत नव्हते. त्याने एवढेच मान्य केले, की ज्या जागी एकाच्या अंगावर वर्दी आहे आणि दुसरी व्यक्ती त्याच्या ताब्यात आहे, तिथे गप्प राहण्याचा अर्थ नेहमीसारखा लावता येत नाही. मग तेवढ्याच शहाणपणाने आज विचारायला हवे : अशी जागा फक्त ठाण्याच्या चार भिंतींत असते का? १९७२ मध्ये ताबा म्हणजे खोली, कडी, अंधार. २०२० नंतर तपास चालू असलेल्या प्रकरणातला अधिकार खिशातल्या फोनमधून थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. देसाईगंजचा प्रसंग आणि रात्रीचा मेसेज यांची तीव्रता एका पारड्यात घालावी असे कोणी म्हणणार नाही. पण दोन्हीकडे पोलिसाशी गाठ पडली ती तक्रारीमुळेच, आणि दोन्हीकडे नंतर विचारला गेलेला प्रश्न एकच आहे.

तसे पाहिले तर कायद्याने काही ठिकाणी हे ओळखलेही आहे. जबाबासाठी कोणाला बोलवायचे असेल तर लेखी आदेश हवा. आणि स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज दुसरीकडे येण्याची सक्ती करता येत नाही, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७९ सांगते. तीच मुभा पंधरा वर्षांखालच्या मुलांना, साठीपुढच्या माणसांना, अपंगांना आणि आजाऱ्यांना आहे. स्वतःहून यायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. हा नियम जाणूनबुजून मोडून कोणाला तपासासाठी भलतीकडे बोलावणाऱ्या सरकारी नोकराला न्याय संहितेच्या कलम १९९ खाली किमान सहा महिने, कमाल दोन वर्षे सक्तमजुरी आहे. म्हणजे ‘संध्याकाळी हॉटेलवर भेटा, स्टेटमेंट तिथेच घेऊ’ हा निरोप नुसता असभ्य नाही, तो गुन्ह्याच्या वाटेवरचा आहे. ठाण्यात किती जणांना हे ठाऊक असते हा भाग निराळा. बाहेर तर जवळजवळ कोणालाच नसते. तोंडी ‘सहीला या’ असा फोन आला की बायका कामावरून रजा टाकून जातात. आपल्या ताब्यातील किंवा देखरेखीखालील स्त्रीला पदाचा गैरवापर करून शरीरसंबंधासाठी भुलवणाऱ्या लोकसेवकालाही कलम ६८ खाली पाच ते दहा वर्षांची शिक्षा आहे, मग तो बलात्कार ठरत नसला तरी. पण साधी तक्रारदार ना त्याच्या ताब्यात असते ना देखरेखीखाली. ती मोकळी असते, कागदावर.

या प्रकाराकडे एखाद्या शिपायाची चूक म्हणून न पाहता खात्याचा रोग म्हणून पाहिले की काय दिसते, हे इंग्लंडमध्ये कळले. तिथल्या पोलीस निरीक्षणालयाने २०१६ च्या अहवालात इंग्लंड आणि वेल्समधल्या दोन वर्षांच्या नोंदी एकत्र केल्या. अधिकाराचा वापर लैंगिक फायद्यासाठी केल्याचे ४३६ आरोप निघाले आणि त्यात ३०६ पोलीस अधिकारी होते. आरोपांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक प्रकरणांत समोरची व्यक्ती घरगुती हिंसाचाराची बळी होती. म्हणजे सावज कसेही निवडले जात नव्हते. जी बाई आधीच मोडलेली आहे, जिला कोणाचा तरी आधार हवा आहे, जिचा पत्ता, एकटेपणा, नवऱ्याच्या कामाच्या वेळा फायलीत लिहिलेल्या आहेत, तिलाच मेसेज जात होते. निरीक्षणालयाने या प्रकाराला पोलीस दलातील भ्रष्टाचारात मोजले, आणि मला तेच वर्गीकरण सगळ्यात मोलाचे वाटते. आपण याला छेडछाड म्हणतो, चारित्र्याचा प्रश्न म्हणतो, फार तर ‘साहेब जरा तसेच आहेत’ म्हणतो. पैसे घेऊन फाइल हलवणारा लाचखोर ठरतो. फाइल हातात आहे म्हणून सलगी मागणारा मात्र रंगेल ठरतो. दोघांनी विकायला काढलेली वस्तू एकच आहे. इंग्लंडच्या पोलीस आचारसंहितेत कामानिमित्त संपर्कात आलेल्या, विश्वासाचा गैरफायदा घेता येईल अशा व्यक्तीशी अयोग्य संबंध जोडू नये असे स्पष्ट लिहिले आहे. २०१५ पासून पोलिसी अधिकार स्वतःच्या लाभासाठी भ्रष्टपणे वापरणे हा चौदा वर्षांपर्यंत शिक्षेचा स्वतंत्र गुन्हाही आहे. एवढे करून तिथले दल सुधारले असे म्हणता येणार नाही. मार्च २०२१ मध्ये लंडनमध्ये सेवेत असलेल्या पोलिसानेच आपले ओळखपत्र पुढे करून एका तरुणीला पळवले आणि ठार केले. त्यानंतर लुईस केसी यांनी २०२३ साली दिलेला अहवाल लंडनच्या पोलिसांवर कोरडे ओढणारा होता. पण निदान मोजदाद तरी झाली. आपल्याकडे असा रकानाच नाही.

आणि इतक्या लांबही जायला नको. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरने व्यावसायिक स्थानाचा गैरवापर करून रुग्णाशी अनुचित वर्तन करणे हे शिस्तभंगाचे कारण आहे. रुग्णाने तक्रार केली का, नकार दिला का, हे तिथे आधी विचारले जात नाही. नाते असमान आहे एवढे पुरते. तपासणीच्या टेबलावरच्या माणसाला जे संरक्षण आपण मान्य केले, ते ठाण्याच्या बाकावरच्या माणसाला नाकारण्याचे कारण मला सापडत नाही.

नियम होतील तेव्हा होतील. आज ज्या बाईला असे मेसेज येत आहेत तिने काय करावे? काहीही पुसू नये. चॅट, कॉलच्या नोंदी, मिस्ड कॉलसुद्धा तारखेसकट जपून ठेवावेत, आणि स्क्रीनशॉटवर भिस्त न ठेवता मूळ फोन सांभाळावा, कारण न्यायालयात प्रश्न मूळ नोंदीचा येतो. एकदाच, शांतपणे लिहून पाठवावे : केसबाबत जे असेल ते लेखी कळवावे किंवा ठाण्याच्या क्रमांकावरून कळवावे, वैयक्तिक मेसेज करू नयेत. हा नकार तिच्याकडून मागितला जावा हे मला मान्य नाही, पण आजचे कलम ७८ तो मागते तर तो नोंदवून ठेवलेला बरा. मग पोलीस अधीक्षकांकडे किंवा आयुक्तालयात उपायुक्तांकडे लेखी अर्ज द्यावा, तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे देण्याची मागणी त्यात आधी लिहावी आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय निघू नये. त्याच ठाण्यात गुन्हा नोंदवायला धजत नसेल तर शून्य क्रमांकाने दुसऱ्या ठाण्यात नोंदवता येतो. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. वर्दीवाल्यावर खटला भरायला सरकारची परवानगी लागते हे ऐकून लोक थबकतात, पण लैंगिक छळ, पाठलाग आणि तपासासाठी भलतीकडे बोलावणे या गुन्ह्यांना २०१३ पासून ती अट नाही. वकिलाचा खर्च हा अडथळा वाटत असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा न्यायालयातील प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

याशिवाय एक वाट जवळजवळ कोणी वापरत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा फक्त नोकरी करणाऱ्या बायकांसाठी आहे अशी सार्वत्रिक समजूत आहे. त्यातली पीडित स्त्रीची व्याख्या मात्र ‘तिथे नोकरीला असो वा नसो’ अशी आहे. पोलीस ठाणे हे पोलिसांचे कामाचे ठिकाण आहे आणि तिथे तक्रार घेऊन गेलेली स्त्री या व्याख्येत बसते. म्हणजे ती पोलीस दलाच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिन्यांत, तक्रार देऊ शकते. या समितीत निम्म्या स्त्रिया आणि बाहेरच्या संस्थेची एक सदस्य असलीच पाहिजे. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हा कायदा ‘स्पष्ट अनिच्छा दाखवूनही’ असे म्हणत नाही. वागणे नकोसे असणे पुरेसे आहे, आणि नोकरीत झुकते माप देण्याचे आडून दिलेले आश्वासनही छळाच्या परिस्थितीत मोजले जाते. ‘तुमच्या केसचं मी स्वतः बघतोय’ हे वाक्य इथे आपल्या खऱ्या रंगात दिसते.

तरीही समिती खात्याचीच आणि चौकशी करणारेही सहकारीच, हा आक्षेप खोटा नाही. हरियाणातल्या रुचिका या मुलीच्या छळाची तक्रार १९९० ची आणि आरोपी पोलीस महानिरीक्षक दर्जाचा. शिक्षा झाली डिसेंबर २००९ मध्ये, सहा महिन्यांची, जी पुढच्या वर्षी दीड वर्षाची झाली. मधल्या काळात त्या मुलीने आत्महत्या केली आणि तो अधिकारी राज्याचा पोलीस महासंचालक झाला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२५ मध्ये फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातील एका तरुण डॉक्टरचा मृत्यू झाला. तिने तळहातावर लिहिलेल्या मजकुरात एका पोलीस उपनिरीक्षकावर गंभीर आरोप होते. त्यांचा निवाडा न्यायालयात होईल. मात्र काही महिने आधीच तिने पोलिसांच्या दबावाबद्दल वरिष्ठांकडे लेखी तक्रार केली होती, हेही समोर आले. लेखी तक्रार करा, असे सांगणाऱ्या माझ्यासारख्यांना या तपशिलाचे उत्तर द्यावे लागते. उत्तर २००६ पासून कागदावर आहे. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक राज्यात आणि जिल्ह्यात निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली पोलीस तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले आणि त्याच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात असे म्हटले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण जिल्ह्याऐवजी महसूल विभाग धरला. गडचिरोलीच्या टोकाला राहणाऱ्या बाईने नागपूरपर्यंत जायचे, आणि तेही आधी असे काही प्राधिकरण असते हे तिला कोणी सांगितले तर. ठाण्याच्या भिंतीवर हेल्पलाइनचे फलक असतात, सायबर जागृतीची पोस्टर्स असतात. पोलिसाविरुद्ध कुठे तक्रार करायची, त्याचा पत्ता तिथे शोधून पाहावा.

पोलिसांच्या बाजूने काही रास्त प्रश्न येतात. पहिला असा, की एका अधिकाऱ्याकडे ढीगभर प्रकरणे, दिवसरात्रीचा बंदोबस्त, आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवा असे नवी संहिता स्वतःच सांगते. तेही इलेक्ट्रॉनिक मार्गाने चालेल म्हणते. मग फोन करायचा नाही तर कळवायचे कसे? फोन जरूर करावा. फक्त तो ठाण्याच्या नंबरवरून करावा आणि त्याची नोंद स्टेशन डायरीत असावी. लेखी पद्धतीचे महत्त्व न्यायालयांना चांगले कळते. आरोपीला हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे ही रीतसर बजावणी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले ते उगीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये याच न्यायालयाने ठाण्याच्या दारापासून कोठडीपर्यंत सगळीकडे कॅमेरे लावायला सांगितले होते. भिंतीवर कॅमेरा लावायचा आणि तपास मात्र अधिकाऱ्याच्या खासगी व्हॉट्सअ‍ॅपवरून चालू द्यायचा, याला देखरेख कशी म्हणायची? दुसरा प्रश्न खोट्या तक्रारींचा. आरोपीची माणसे तपासी अधिकाऱ्याला अडकवण्यासाठी असे आरोप करतील, ही भीती खरी आहे आणि प्रामाणिक अधिकाऱ्यांना ती जास्त असते. पण त्यावरचे औषध संपर्काच्या नोंदीतच आहे. सगळे बोलणे अधिकृत नंबरवर झाले असेल तर निर्दोष माणसाला आपली बाजू मांडायला एक प्रिंटआउट पुरते. आज त्याच्याकडे तेही नसते.

तिसरा आक्षेप खासगीत हसत घेतला जातो : म्हणजे पोलिसाने प्रेमात पडायचेच नाही का? पडावे की. दोन सज्ञान माणसांचे खरोखर जुळत असेल तर अधिकाऱ्याने वरिष्ठांना सांगून तपास दुसऱ्याकडे द्यावा, किंवा प्रकरण निकाली निघेपर्यंत थांबावे. न्यायाधीश ओळखीच्या माणसाचा खटला सोडतात, त्यात त्यांच्या माणूसपणाचा अपमान होत नाही. ज्याला फाइल सोडवत नाही, त्याला फाइलच हवी आहे असे मानायला जागा उरते. हा विषय फक्त बायकांचा नाही, हेही इथेच नोंदवावे लागेल. कलम ७८ पुरुषाला संरक्षण देत नाही. आणि दुकानदाराला, भाडेकरूला, परप्रांतीय मजुराला येणारे अवेळीचे फोन ‘मांडवली करून टाक’ या सुरातले असतात. नोंद झालेल्याच नंबरवरून संपर्क, हा नियम त्या फोनांनाही लागू पडतो. पाठलागाचे कलम तिथे पोचतच नाही.

या सगळ्यासाठी विधिमंडळात विधेयक आणायची गरज नाही. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम १९७९ पासून आहेत आणि शासकीय कर्मचाऱ्याला न शोभणारे वर्तन त्यात निषिद्धच आहे. त्या वर्तनात काय काय येते हे पोलीस महासंचालक एका परिपत्रकाने स्पष्ट करू शकतात. प्रत्येक ठाण्याला तपासाच्या संपर्कासाठी अधिकृत सिमकार्डे द्यावीत. फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत द्यावीच लागते. त्याच प्रतीच्या तळाशी तो नंबर छापावा, आणि त्याखाली विभागीय तक्रार प्राधिकरणाचा पत्ता व अंतर्गत समितीच्या अध्यक्षांचे पद. फिर्यादी प्रत घडी करून पिशवीत ठेवते, वकिलाला दाखवते, वर्षानुवर्षे जपते. त्या कागदावर तेवढ्या दोन ओळींना जागा आहे.